वऱ्हांड्यातला लाइट

"इंदूबाई फोन नाही उचलून राहिली," गोपिकावहिनी म्हणाल्या आणि गाडीत बसल्या बसल्या पुन्हा नंबर लावू लागल्या.

रुपराव वैतागले. "वहिनी, घर काय पळून जाते? बेशातच आहे ना ते!"

"तसं नाही, भाऊजी. कोनी आलं न् दार बंद दिसलं तं?"

हा 'कोनी' कोण, ते गाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. रुपरावांचा थोरला भाऊ शामराव एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला, तेव्हा वहिनींशी लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून वहिनींनी घर कधी रिकामं सोडलं नाही. लग्नकार्याला निम्मे जात, निम्मे घरी राहत. काटोलचं घर विकून सगळे बेशाला राहायला आले, तेव्हा नवा पत्ता त्यांनी काटोलच्या गल्लीतल्या पोराटोरांकडूनही पाठ करून घेतला. वऱ्हांड्यातला लाइट रात्रभर जळायचा.

रुपरावांना या सगळ्याचा मनस्वी कंटाळा आला होता. दर पितृपक्षात ते आईवडिलांना पाणी देत आणि भावाचं नाव ओठांवरून परत फिरवत. गेलेल्या माणसाला गेला म्हणायला काय हरकत आहे, हे वहिनींना एकदा विचारायचंच, असं ते दरवर्षी ठरवत. तोंड काही उघडत नसे.

ग्रीस पाहायला यायचा हट्ट त्यांच्या मुलाचा, सुशीलचा. त्याला जुन्या लढायांचं वेड. काल थर्मोपिलीच्या भालेवाल्या पुतळ्यासमोर फोटो झाले, आज मॅरेथॉनचं रणांगण. शेजारच्या इंदूबाईंनी रोज संध्याकाळी वऱ्हांड्यात बसायचं कबूल केलं, तेव्हा कुठे वहिनी विमानात चढल्या होत्या.

मॅरेथॉनला पाहायला काय, तर झाडांमध्ये मातीचं एक टेकाड.

"हे एवढंच?" रुपराव म्हणाले.

"बाबा, याच्याखाली अथेन्सचे शिपाई आहेत," सुशील म्हणाला. "बाकी लढायांत मेलेल्यांले गावी नेत होते. यांले इथंच ठेवलं. मान म्हणून."

वहिनी थबकल्या. "घरी नाही आनलं?"

"नाही, मोठी आई."

"न् घरच्या बाया?"

वहिनींनी चपला काढल्या. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि हळूहळू गवतावर सोडलं. ओठ हलले, नाव ऐकू आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"कोनी नाही आलं वं," इंदूबाईंचा आवाज खणखणीत होता. "बसून आहो मी इथंच."

"नोको बसू आता. घरी जाय तुह्या," वहिनी म्हणाल्या. "न् जाताना लाइट बंद करजो."

इतकी वर्षं रुपरावांना हेच तर हवं होतं. पण त्यांनी पुढे होऊन वहिनींच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावला.

"इंदूबाई, मी रुपराव बोलून राहिलो. लाइट चालू राहू द्या." त्यांचा आवाज फाटला. "राहू द्या, हात जोडतो."

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. या माणसालाही कुणाची वाट पाहायची होती, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. मग पदराला हात पुसून त्यांनी बाटलीत उरलेलं पाणी पुढे केलं.

"घ्या, भाऊजी. तुमीबी द्या त्याइले."

रुपरावांनी दोन्ही हात पुढे केले, पण ओंजळ काही धरता येईना. पाणी बोटांमधून गळून त्यांच्याच बुटांवर पडत राहिलं.