डिंकाचे लाडू

माणसाला जागच्या जागी खिळवायचं असेल, तर त्याच्यावर माया करणारी चाळीस कुटुंबं मोकळी सोडावीत. जयपूरच्या मराठी मंडळानं देवेंद्र पाळंदेचं नेमकं हेच केलं होतं. पाय तेवढा त्याचा त्यानंच मोडून घेतला होता.

देवेंद्र केंद्राच्या एका सुरक्षा दलात उपनिरीक्षक होता, दोन वर्षांपूर्वी बदलीवर आलेला. तीन आठवड्यांपूर्वी सीतापुऱ्यातल्या एका गोदामावर बंदोबस्ताला असताना त्याला भिंतीवरून उडी मारणारा हमाल दिसला. देवेंद्र मागे धावला, गटारावरच्या डुगडुगत्या फरशीवर पाय पडला आणि नडगीचे दोन तुकडे झाले. हमाल तेव्हा वीस पावलं पुढे होता, आणि तो चोरही नव्हता. सुट्टीच्या तासभर आधी घरी सटकत होता, इतकंच.

हवालदारानं मात्र अहवालात लिहिलं की हमालानं साहेबांना ढकललं. साहेब स्वतःच घसरून पडले, असं कागदावर बरं दिसत नाही. दवाखान्यात भूल पूर्ण उतरल्यावर देवेंद्रनं तो अहवाल दोनदा वाचला आणि खाली सही केली. उद्या दुरुस्त करू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

उद्या उजाडायच्या आत मंडळ उजाडलं. सेक्रेटरी दिलीपकाकांनी ग्रुपवर ‘आपला वाघ’ म्हणून फोटो टाकला होता. डब्यांच्या पाळ्या लागल्या, यादी फ्रिजवर चिकटली. देवेंद्रच्या बायकोनं, संपदानं, गॅस पेटवायचा नाही, असा मंडळातल्या काकूंचा हुकूम. पाठोपाठ दीडशे सह्यांचा अर्ज गेला, की हल्लेखोराला मुळीच दया दाखवू नये. त्या अर्जाची प्रत दिलीपकाकांनी प्लास्टरशेजारी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली, आणि देवेंद्र मान हलवत राहिला. अटकेतल्या त्या हमालाचा, रामफूलचा, जामीन या तीन आठवड्यांत दोनदा फेटाळला गेला होता. चौथ्याच दिवशी देवेंद्रनं संपदाला खरं सांगितलं होतं, तेव्हा तिनं फ्रिजवरच्या यादीकडे बघितलं. मग म्हणाली, “आता? आता कुठल्या तोंडानं सांगणार आहेस?”

त्या दिवसापासून त्यानं तो विषय घरातसुद्धा काढला नाही. मांडीपर्यंत प्लास्टर आणि समोर कायम भरलेली एक खुर्ची. एक पाहुणा उठला की दुसरा बसे. डबा रिकामा परत गेला नाही तर काकू काळजीनं फोन करत, म्हणून तो सगळं गिळत असे.

दर सोमवारी आणि गुरुवारी अलकाकाकूंची पाळी असे. या सोमवारी त्यात शीतलाष्टमी, आदल्या दिवशीचं थंड अन्न खायचा सण, म्हणजे अर्ध्या जयपुरात चुली थंड. काकूंनी आपल्या स्वयंपाकवालीलाच डबा घेऊन मालवीय नगरातून पाठवलं होतं. संध्याकाळी मंडळातर्फे घरातच देवेंद्रचा सत्कार ठरला होता, म्हणून संपदा खुर्च्या मांडत होती.

बाईनं कालची ताकातली राबडी आणि गोड पुए काढून ठेवले. चाकसूच्या शीतलामातेच्या मेळ्यातला प्रसाद दिला. मग वेगळा छोटा डबा उघडला. आत डिंकाचे लाडू होते.

“ये घर से लाई हूँ, साब. रोज एक खाना. हड्डी जल्दी जुड़ेगी.”

“आपने क्यों तकलीफ की?” देवेंद्रनं विचारलं.

ती खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली. “मैं बिरदी. रामफूल की घरवाली.”

खुर्च्यांचा आवाज थांबला. देवेंद्रला त्या क्षणी पलंगावरून उठून कुठंही पळून जावंसं वाटलं. दर सोमवारी आणि गुरुवारी आपण हिच्या हातचं जेवत होतो, हे त्याच्या लक्षात आलं.

“आप तो बेहोश थे, साब,” बिरदी समजुतीनं म्हणाली. “किसी ने आपके नाम से झूठ लिख दिया. मैंने वकील से कहा, साब चलने लगें, बस. कोर्ट में आके खुद बोल देंगे. कितने दिन लगेंगे चलने में?”

देवेंद्रला स्वतःची किळस आली. पलंगावर पडल्या पडल्या बोलता येतं, हे या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

“संपदा, फोन दे.”

“तासाभरात सगळे येतील रे,” ती हळू म्हणाली.

“म्हणूनच.”

तिनं फोन दिला. त्यानं तपास अधिकाऱ्याला सांगितलं की रामफूलनं मला हात लावला नाही, मी घसरून पडलो, अहवाल वाचूनच सही केली होती, जबाब घ्यायला आजच घरी या.

बिरदी गोंधळून प्लास्टरकडे बघत होती. “पर साब, पैर?”

“पैर की जरूरत नहीं थी,” देवेंद्र म्हणाला. “पहले दिन भी नहीं थी.”

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती उठली, लाडवांच्या डब्याला झाकण लावलं आणि डबा पिशवीत परत ठेवला.