सिंहासनावर बसलेला जावई

मी एक जुनं सिंहासन आहे. खरं सांगायचं तर ओटाहुहु नावाच्या उपनगरातल्या दुकानातून आणलेली सेकंडहँड जेवणाची खुर्ची. जवळच्याच फ्लॅट बुश भागातल्या आपल्या गॅरेजमध्ये बाळकाकांनी मला सोनेरी कागद चिकटवला, पाठीला पुठ्ठ्याचे सिंह लावले. देश सोडून इतक्या लांब आलेल्यांसाठी त्यांनीच इथलं मराठी मंडळ सुरू केलं, आणि तेच कायमचे अध्यक्ष. गणपतीत माझ्यावर बाप्पा बसायचे, नाटकात राजे आणि सभेत काका. केवढा तोरा होता माझा!

मित्रांनो, आता मला माणसांची शिसारी येते. का, ते ऐका.

यंदा काकांनी मुलांचं नाटक बसवलं. इंग्लंडचा एक राजा. त्याचा पंथ वेगळा, पार्लमेंटचा वेगळा. भांडण पेटलं, तेव्हा तिथल्या बड्या लोकांनी राजाच्याच जावयाला फौज घेऊन बोलावलं आणि राजाला पळावं लागलं. राजा झाली होती काकांची नात श्रिया. मुकुट माझ्यावर ठेवून ती निघाली, तेव्हा सगळा हॉल मुसमुसत होता. "सख्ख्या जावयाने असं करावं?" म्हणत मंडळाच्या चिटणीस स्नेहलताईंनी डोळे पुसले. सगळ्यात जास्त रडला मकरंद. म्हणजे श्रियाचा बाबा, काकांचा जावई.

आणि पुढच्याच रविवारी मंडळाची सभा! वाद विसर्जनाचा. इथले मूळ रहिवासी माओरी लोक समुद्राला पवित्र मानतात, म्हणून काका मूर्ती टबात विसर्जित करायचे.

"टबात कसलं विसर्जन? धर्म बुडवला या माणसाने!" स्नेहलताई कडाडल्या.

"मी अध्यक्ष झालो तर विसर्जन समुद्रातच," मकरंद म्हणाला.

मकरंदच्या बाजूने भराभर हात वर गेले. ज्यांना काकांनी एअरपोर्टवरून घरी आणलं, नोकरी लागेपर्यंत जेवू घातलं, त्यांचेसुद्धा. शी! गरज सरो, वैद्य मरो.

काका माझ्यावरून उठले. जावई आला की सासऱ्याने जागा द्यायची, ही आपली रीतच. "बसा, मकरंदराव," ते म्हणाले. आणि हा निर्लज्ज खरंच बसला! माझा पाय तेव्हाच का मोडला नाही?

विसर्जनाच्या दिवशी गार वारा सुटला. समुद्रावर पार्किंगची कटकट. "टबच बरा," मकरंद म्हणाला, "स्वीट ॲज! एकदम झकास!" स्नेहलताईंनी टबापाशीच खड्या आवाजात आरती म्हटली. बुडालेल्या धर्माचं नाव कुणी काढलं नाही. काका मागे उभेच होते. त्यांना बसा म्हणावं, एवढंही कुणाला सुचलं नाही.

शेवटी श्रियाने मला फरफटत त्यांच्यापाशी नेलं. "आजोबा, बसा."

"श्रिया, ती अध्यक्षांची खुर्ची आहे. परत आण," मकरंद ओरडला.

ती वळली. "डॅड, प्ले बघताना यू क्राइड हीप्स, केवढा रडलास. पण ॲक्टिंग तर मी करत होते ना?"

मकरंदची मान खाली गेली. काका बसले नाहीत. नातीच्या डोक्यावर हात ठेवून ते टबातलं पाणी झाडांना घालायला गेले.

मित्रांनो, माझा सोनेरी कागद सुटत चाललाय. तो चिकटवला नाहीत तरी चालेल. पण ज्याच्या घरचं मीठ खाल्लंत, तो उभा असेल तर त्याला निदान "बसा" तरी म्हणा.