भिंतीकडे तोंड

"उघडा की दार," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी हँडल फिरवलं. दार चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. या गाडीला दार एकच, तेही समोर, नाकावर. तीन चाकं, दोघांपुरतं बाक, आणि रिव्हर्स गिअर मुळात नाहीच. गल्लीत सगळे तिला अंडं म्हणायचे.

गॅरेजमध्ये आलेली प्रत्येक गाडी मिस्त्रींनी जन्मभर भिंतीकडे तोंड करूनच लावली होती. ही मात्र भंगारातून आल्यापासून ढकलूनच आत-बाहेर व्हायची. आता पत्रा, रंग, इंजिन सगळं जुळलं होतं. जुन्या गाड्या जमवणारे साहेब तिला आज न्यायला येणार होते. त्याआधी एक चक्कर मारू म्हणून मिस्त्रींनी बायकोला शेजारी बसवलं, आणि परतताना हाताच्या सवयीने घात केला.

"छत कापडाचं आहे ना? त्यातून निघता येईल."

"चढतेस?"

तिने छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "तुम्हीच चढा. मी गंमत बघते."

दोघंही हसली, तसे खांदे एकमेकांना लागले. इतकं खेटून बसायची सवयच राहिली नव्हती. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये नुसतं अंगण, पण सकाळी एकदा ते ओलांडलं की मिस्त्री थेट जेवायलाच परतत. त्यावरून तिने आयुष्यभर तोंडसुख घेतलं होतं. आता डोळे साथ देईनात, म्हणून ही शेवटची गाडी असं मिस्त्रींनीच ठरवलं, तर खूश व्हायचं सोडून ती धास्तावली होती. कामाशिवायचा हा माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता.

"उद्या उठून मी जायचं कुठे गं?" मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले.

तिला आधी रागच आला. घर काय परक्याचं होतं? पण त्यांचा आवाज ऐकून तिने राग गिळला.

"आधी चहा प्यायचा," ती म्हणाली. "पुढचं पुढे."

फाटक वाजलं. "मिस्त्री, आहात का?" साहेबांची हाक आली. मिस्त्रींचा हात हॉर्नकडे गेला. तिने तो धरला.

"थांबा जरा. सापडूच आपण त्यांना."

सापडली तेव्हा साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गाडी मागे ओढून त्यांनी दोघांना हात देऊन उतरवलं. अंडं ट्रकवर चढलं. मिस्त्रींनी काच पुन्हा एकदा फडक्याने पुसली. "भिंतीकडे तोंड करून लावू नका हं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आपोआप अंगण ओलांडून गेले. गॅरेज रिकामं होतं. गाडीच्या जागी, तेलाच्या डागावर, दोन स्टुलं खेटून मांडलेली, भिंतीकडे तोंड करून. एकावर बायको बसली होती आणि दुसऱ्यावर बशीने झाकलेला चहा होता.

तिने कप उचलून जागा करून दिली. "बसा," ती म्हणाली. "निवतोय."