रेमीची मेणबत्ती

पांढरी कोंबडी खळग्याच्या तळाशी सोडली तेव्हा चांगली धडधाकट होती. दोन पावलं चालली, चोच उघडून मान वाकडी केली आणि आडवी झाली. काठावर अख्खं मोर्नसेक गाव जमलं होतं.

प्रॉफेट गिदियन पायऱ्यांवर उभा होता. खळग्यात उतरायला दगडाच्या सात पायऱ्या त्यानंच रचून घेतल्या होत्या, आणि तो स्वतः वरून तिसरीवर. अंगात पांढरा झगा, हातात सुतळी, सुतळीचं दुसरं टोक कोंबडीच्या पायाला. "पाहिलंत ना?" तो म्हणाला. "डोंगरानं दिलेला श्वास डोंगरानं परत घेतला. आता मी मागणार, आणि तो देणार. कारण डोंगर माझं ऐकतो." मग त्यानं डोळे मिटले, ओठ पुटपुटले, सुतळी ओढून कोंबडी वर घेतली आणि डोक्याच्याही वर धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कोंबडीनं पाय झाडले, पंख फडफडवले आणि प्रॉफेटच्या झग्यावर घाण केली. बायका रडायला लागल्या. दोघीतिघी त्या झग्याला हात लावून तोच हात कपाळाला लावू लागल्या, घाणीसकट.

सिल्व्हॅनस लारोंद, गावाचा सिल, गर्दीच्या मागं पाण्याच्या पाइपवर बसून हे बघत होता. पाणीखात्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. ज्वालामुखी डोंगराच्या खांद्यावरच्या झऱ्यापासून गावातल्या टाक्यांपर्यंत जेवढी पाइपलाइन होती तेवढी त्याच्या गुडघ्यांना पाठ होती. जमीन हलली की जोड सुटायचा, राख पडली की तोंड तुंबायचं, आणि दोन्ही वेळा सिल वर चढायचा. आजही तो एक गळका जोड बांधायलाच आला होता, पण जोडापाशी देवाचं काम चालू होतं.

गेल्या महिनाभरात त्यानं प्रॉफेटच्या ओठांची हालचाल कितीदा तरी मोजली होती. प्रार्थना नेमकी वीसपर्यंत जायची, एकवीस कधी होत नव्हते. विसाच्या पुढं गेलं की कोंबडी उठत नाही, हे प्रॉफेटला कुठल्या तरी बिचाऱ्या कोंबडीनं मरून शिकवलं असणार.

सिलला राग यायला हवा होता. आला तो कंटाळा. यापूर्वी शाळेच्या पत्र्यावर राखेच्या डागात मेरीमातेचा चेहरा उमटला होता. त्याआधी गरम झऱ्याचं पाणी बाटलीत भरून टकलावर केस आणायला विकलं गेलं होतं. दर वेळी सिलनं तोंड उघडलं, दर वेळी त्याचंच खरं निघालं, आणि दर वेळी गावानं आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. बरोबर ठरलेल्या माणसाला कुणी जेवायला बोलावत नाही.

हा खळगाही त्यानंच पहिल्यांदा पाहिला होता, तीन वर्षांपूर्वी, मोठे धक्के बसून गेल्यावर. कमरेइतका खोल, तळाशी मेलेले खेकडे, सरडे, एक घुबड. त्यानं भोवती दोर बांधला आणि फळी ठोकली, 'खाली उतरू नका'. प्रॉफेटनं तीच फळी उलटी करून मागच्या बाजूला रंगवलं होतं, 'पुनरुत्थानाचं दार'. फळी फुकट गेली नाही, एवढंच समाधान.

आता मेणबत्त्या सुरू झाल्या. एकेकानं खाली उतरायचं, गुडघे टेकायचे, मेणबत्ती जमिनीशी धरायची. विझली तर मनात पाप. सगळ्यांच्याच विझत होत्या. लोक धापा टाकत, डोकं धरत वर येत होते, आणि आत्मा हलला म्हणून सांगत होते.

"विझवतो कोण?" प्रॉफेटनं विचारलं, आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला माहीत आहे. तुमच्या टाक्यांत जो फुंकर मारतो, तोच. तुमचा रेमी."

सिल पाइपवरून उठला.

रेमी त्याचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी राख पडून गेल्यावर जमिनीखालची मोठी टाकी साफ करायला उतरला आणि शिडीच्या तळाशीच बसला. सिलनं दोर टाकून त्याला वर ओढला, पण उशीर झाला होता. त्यानंतर सिलनं गावात एक नियम घातला. कुठल्याही टाकीत उतरण्यापूर्वी बांबूच्या टोकाला दुधाचा रिकामा डबा बांधायचा, डब्यात मेणबत्ती लावायची आणि आधी ती खाली सोडायची. ती विझली तर माणसानं उतरायचं नाही. गावानं हा नियम असा काही उचलला की सिलही चाट पडला. दोन वर्षांत तिचं नाव 'रेमीची मेणबत्ती' पडलं. लोक डबा सोडताना छातीवर क्रूस काढू लागले. ज्योत विझली की म्हणायचे, रेमी नको म्हणतोय. सिल ते ऐकायचा आणि सोडून द्यायचा. त्यानंतर टाकीत एकही माणूस मेला नव्हता. नियम पाळताहेत ना, मग कारण कशाला सांगत बसा.

तेवढ्यात प्रॉफेटनं जाहीर केलं की आता कोंबड्या पुरे झाल्या. येत्या रविवारी डोंगर एका लेकराला निजवील, आजार ठेवून घेईल आणि लेकरू परत देईल. कुणाचं लेकरू आहे, असं त्यानं विचारलं. गर्दीतून एक हात वर झाला. तो हात सिलच्या मुलीचा होता, क्लोदीनचा.

घरी क्लोदीन चुलीवर ब्रेडफ्रूट भाजत होती. तिची सहा वर्षांची झेनी ओट्यावर बसून खेकड्याच्या नांग्या मोजत होती. झेनीला फिट येत असत, कधी महिन्यात दोन, कधी आठवड्यात चार. सिलनं पोरीला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "किती वेळ ठेवणार तिला तिथं?"

"'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना पूर्ण होईपर्यंत."

"ती विसाच्या पुढं जाते."

"म्हणजे?"

सिलनं वाईट हवेचं सांगितलं. डोंगरातून निघते, तिला वास नाही, रंग नाही, साध्या हवेपेक्षा जड असते, म्हणून खळग्यात पाण्यासारखी साचते. क्लोदीननं ब्रेडफ्रूट उलटलं.

"वाईट हवा टाकीत असते. हे तर उघड्यावर आहे, आभाळाखाली."

"पोरी, तिथं घुबड मेलं होतं."

"पपा, तीन वर्षं झाली गोळ्यांना." ती त्याच्याकडं वळली. "पहाटेची बस धरायची, शहरात रांगेत बसायचं, गोळ्या आल्या नाहीत म्हणून परत यायचं. रस्ता खचला की तेवढंही नाही. परवा फिट आली तेव्हा ती चुलीपासून हातभर लांब पडली. हातभर. तुझ्याकडं दुसरं काय आहे, ते सांग. नाही म्हणायला तर कुणालाही येतं."

सिलनं विषय बदलला. तो म्हणाला, "रेमीचं नाव घेऊन तो माणूस खोटं बोलतोय. रेमी कशाला फुंकर मारील?"

"हे मला तूच सांगितलंस."

"मी?"

"मी सात वर्षांची होते. टाकीवर तुझ्यासोबत यायचे. मी विचारलं, पपा, मेणबत्ती का विझली? तू म्हणालास, रेमीकाका सांगतोय, आज उतरायचं नाही." तिचा आवाज चढला नाही, तो नुसता थकलेला होता, अगदी त्याच्या आवाजासारखा. "प्रॉफेटनं मला नवीन काहीच सांगितलं नाही, पपा."

सिलला तो दिवस आठवला. रेमीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पोरीनं विचारलं तेव्हा जे सोपं होतं ते तो बोलून गेला होता. गावातही ते तिथूनच पसरलं असेल. मेरीमातेच्या डागासाठी त्यानं शाळेच्या पत्र्यावर चढून भाषण ठोकलं होतं, आणि या एका गोष्टीला त्यानं स्वतःच खतपाणी घातलं होतं. पुढचा आठवडाभर तो क्लोदीनला चुकवून पहाटेच पाइपलाइनवर निघून जायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

रविवारी सकाळी सातला गर्दी दुप्पट होती. शेजारच्या खाडीवरून होड्या भरून माणसं आली होती. झेनीला पांढरा फ्रॉक घातला होता. प्रॉफेट तिसऱ्या पायरीवर उभा होता, आणि सिल बांबू, दुधाचा डबा, खिशात काड्यापेटी आणि काखेत घरची तांबडी कोंबडी घेऊन गर्दीतून पुढं आला. लोकांनी वाट दिली, कारण त्या बांबूला गावात मान होता.

"भाऊ, आज टाकी धुवायची नाही," प्रॉफेट म्हणाला. थोडे लोक हसले.

"माझी नात उतरणार आहे. उतरण्याआधी मेणबत्ती सोडायची, हा इथला रिवाज आहे. विचारा कुणालाही."

रिवाज खराच होता. प्रॉफेटला नाही म्हणता येईना.

सिलनं डबा सोडला. कमरेच्या उंचीला ज्योत सरळ होती. गुडघ्याच्या उंचीला ती आखडली. घोट्याशी आली आणि विझली. त्यानं बांबू वर घेतला, मेणबत्ती पुन्हा लावली, पुन्हा सोडली. पुन्हा त्याच जागी विझली. मग त्यानं बांबू मा जोझेटच्या हाती दिला. मा जोझेट म्हणजे चाळीस वर्षं चर्च झाडणारी म्हातारी, जिच्या पापांची यादी करायला बसलं तर कागद कोरा राहील. तिचीही विझली. मग त्यानं तो फेलिक्सला दिला, जो दारू पिऊन दोनदा तुरुंगात गेला होता. त्याची त्याच उंचीला विझली, बोटभरही इकडं तिकडं नाही.

"पाप मापून ठेवलंय वाटतं," फेलिक्स म्हणाला. "माझं आणि मा जोझेटचं सारखंच."

सिलनं तांबडी कोंबडी सुतळीला बांधून खाली सोडली. ती लोळली. त्यानं मोठ्यानं वीसपर्यंत मोजलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि तिला वर ओढून वाऱ्यात धरली. कोंबडीनं डोळे उघडले, पाय झाडले.

"मी अठरा वर्षं चर्चची पायरी चढलो नाही," सिल म्हणाला. "माझ्या हातूनही उठली. कारण ती मेलीच नव्हती, गुदमरली होती. हवेत आणली, श्वास घेतला, उठली. प्रॉफेट प्रार्थना करत नाहीत, मोजतात. विसाच्या पुढं ती उठत नाही. आणि बापाची प्रार्थना विसात संपत नाही, क्लोदीन."

"नास्तिकाच्या हातून सैतानही चमत्कार करतो," प्रॉफेट म्हणाला. "लेकराला आणा."

"आधी तुम्ही या," सिल म्हणाला. "महिनाभर तुम्हाला बघतोय, तिसऱ्या पायरीखाली तुमचा पाय उतरलेला नाही. माझ्या नातीला जिथं निजवणार, तिथं आधी तुम्ही निजा. मी प्रार्थना म्हणतो. सावकाश."

"मी दूत आहे. दूतानं निजायचं नसतं."

गर्दीत कुणी हसलं नाही. सगळे त्याच्या पायांकडं बघत होते. पाय तिसऱ्याच पायरीवर होते. क्लोदीनही तिथंच बघत होती. तिनं झेनीला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, आणि चार पावलं मागं गेली.

प्रॉफेट रोजच नऊच्या आत, वारा सुटण्याआधी, आवरायचा. त्या दिवशी लोकांनी त्याला आवरू दिलं, पण स्वतः थांबले, कारण सिल थांबा म्हणाला होता. दहाच्या सुमाराला समुद्राचा वारा घळीतून वर आला, झाडं हलली, खळग्यातलं वाळलेलं पान उडालं. सिलनं पुन्हा डबा सोडला. ज्योत फडफडली, पण अगदी तळाशीही जळत राहिली.

"दहा वाजता साऱ्या गावाची पापं फिटली," फेलिक्स म्हणाला.

मा जोझेट मात्र रडवेली झाली होती. "मग आमचा रेमी?" तिनं विचारलं. "तो नाही का तिथं?"

सिलला हाच प्रश्न नको होता. "रेमी मेलाय, मा. तो कुठंही फुंकर मारत नाही. टाकीत चांगली हवा नव्हती म्हणून तो मेला, आणि ती नसते म्हणूनच ज्योत जाते. मी तुम्हाला मेणबत्ती सोडायला शिकवलं, का सोडायची ते शिकवलं नाही. उलट भलतंच सांगितलं. या माणसानं तेच उचललं आणि इथं आणून विकलं. चूक आधी माझी आहे."

प्रॉफेट दुपारच्या होडीनं गेला. गावात काहीजण अजून म्हणतात, तो होता तोवर डोंगर शांत होता. सिल त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यानं फळी सुलटी केली आणि 'खाली उतरू नका'च्या खाली लिहिलं, 'इथं जड हवा साचते. वास येत नाही. माणूस मरतो.' आता तो कुठल्याही टाकीवर गेला की आधी सगळ्यांना गोळा करतो आणि कारण सांगतो, लोक जांभया देईपर्यंत. गोळ्यांसाठी पहाटेची बस तोच धरतो. कधी मिळतात, कधी नाही. फिट थांबलेल्या नाहीत, कमी झाल्या आहेत. क्लोदीननं चुलीभोवती दगडाचा कठडा घातला आहे.

त्या रविवारी डोंगर उतरताना झेनी त्याच्या पाठीवर होती. गुडघे बोंबलत होते. अर्ध्या वाटेत तिनं कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आजोबा, मेणबत्ती का विझली?"

क्लोदीन पुढं चालत होती. ती थांबली, पण वळली नाही.

सिल खूप दमला होता. सोपं उत्तर अजूनही जिभेवर होतं. त्यानं पोरीला पाइपवर बसवलं, स्वतः तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "ऐक. जरा वेळ लागेल."