कुरकुऱ्याचा आवाज

'खटपटे' या चावीच्या खेळण्यांवर सिनेमा येतोय आणि त्यातल्या कुरकुऱ्याला आपण आवाज द्यायचाय, हे कळल्यावर तिला हर्षवायू व्हायचाच काय तो बाकी होता. डबिंगच्या धंद्यात आजवर तिच्या वाट्याला गर्दीतल्या किंकाळ्या, चोंबड्या शेजारणी आणि रडकी तान्ही बाळंच आली होती. नायक पहिल्यांदाच.

पण माइकसमोर उभं राहून तिनं संवाद वाचला आणि ती अडखळली. "मित्रांनो, आता माघार नाही!"

लहानपणी तिच्या घरातला कुरकुऱ्या संकट दिसलं की सगळ्यात आधी पलंगाखाली पळायचा. त्याचा आवाज धाकटा भाऊ काढायचा. नाकातला, चिडका, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "मला काय त्याचं!"

मधल्या सुट्टीत तिनं भावाला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मागे हातोड्याची ठाकठूक चालू होती.

"भाषण? आपला कुरकुऱ्या?" तो आधी खो खो हसला, मग एकदम तापला. "ताई, त्यांना सांग की तो असा नाहीये."

"मी सांगणारी कोण रे? उद्या दुसरी आणतील."

"मग आणू देत."

"तुला बोलायला काय जातं!" तिनं फोन ठेवला आणि जिन्यात उगाच खालीवर करत राहिली.

परत आल्यावर एका वाक्यात तिनं हळूच ती जुनी कुरकुर मिसळून पाहिली. काचेपलीकडचा दिग्दर्शक चष्मा वर करून म्हणाला, "हे काय होतं? सर्दी झालीये का? छातीतून काढा, छातीतून." तिनं छातीतून काढलं. सगळे खूष झाले. तिलाही जमल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच राग आला.

सिनेमा लागला तेव्हा भाऊ लेकीला घेऊन आला. रुसवा होताच, पण आला. तिघं ओळीनं बसली. पडद्यावर कुरकुऱ्या मोडक्या पुलावर उभा राहून गरजला तशी भाची खुर्चीवर चढली, मुठी वळून ओरडली, "माघार नाही!" सगळं थिएटर तिच्यामागे ओरडलं. आत्याच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं भावाकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून पडद्याकडे बघत होता.

बाहेर पडल्यावर भाची पुढे धावली.

"आवाज झकास लागलाय तुझा," तो म्हणाला. "खरंच. माझी कार्टी तर वेडी झाली."

"पण?"

"पण तो कोण होता, मला नाही कळलं." पुढे धावणाऱ्या लेकीवर नजर ठेवून तो म्हणाला, "मला तो घाबरायचा म्हणूनच आवडायचा गं. मीही घाबरायचो ना."

हे त्यानं आजवर कधी सांगितलं नव्हतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात भाची परत आली आणि आत्याचा हात ओढत म्हणाली, "तसं बोल ना, पुलावरचं!"

भर रस्त्यात, लोकांच्या नजरा झेलत, ती छातीतून गरजली. भाऊ हसला, पण ते हसू वरवरचं होतं.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या भागासाठी विचारणा आली. प्रश्न पुरता होण्याआधीच ती "हो" म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ कशातच लक्ष लागेना म्हणून या खोलीतून त्या खोलीत हिंडत राहिली.