शेजारचा डबा

काकूंनी पुढे केलेला डबा मुलीनं दोन्ही हातांनी घेतला आणि चकार शब्द न काढता ती आत वळली.

"काय म्हणायचं असतं?" बाबानं मागून विचारलं.

"राहू दे हो," म्हणत शेजारच्या काकू गुडघ्यावर हात ठेवून आपल्या दाराकडे गेल्या.

बाबा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा. बायको जाऊन तीन महिने झाले होते. आठवड्याच्या आत तो कामावर हजर झाला आणि तेव्हापासून त्याच्या हातून एकही भिंग वाया गेलं नव्हतं. रडूही आलं नव्हतं. माणूस घट्ट मनाचा, असं सगळे म्हणत. मन म्हणून काही उरलंय का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. मुलीला वळण लावायचं, एवढं मात्र तो नेमानं करी. कुणी दार उघडून धरलं, थँक्यू म्हण. कुणी पाणी दिलं, थँक्यू म्हण.

"का नाही म्हणालीस?" जेवायला वाढताना त्यानं विचारलं.

"आई होती तेव्हा काकू डबा आणायच्या?"

"नाही."

"मग? आई गेली म्हणून डबा येतो. त्याचं कसलं थँक्यू?"

त्यानं भाजीचा चमचा तिच्या ताटात रिकामा केला.

एरवी रिकामा डबा मुलगी परत द्यायची. आज तो गेला. दारात काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यानं मुलीचं बोलणंच सांगून टाकलं.

काकूंनी वाईट वाटून घेतलं नाही.

"खरंच आहे की. तेव्हा डबा तुमच्याकडून इकडे यायचा. माझं ऑपरेशन झालं ना, तेव्हा दोन महिने. तुम्ही कामावर, मुलगी शाळेत. बोलली नाही तिची आई?"

"नाही."

"मीही तिला कधी थँक्यू म्हटलं नाही. घरच्यासारखी होती. राहूनच गेलं."

घरी येऊन त्यानं हे सगळं मुलीला जसंच्या तसं सांगितलं. ती वहीवरून मान वर करून ऐकत होती.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तू म्हणाला होतास आईला?"

एक चप्पल काढलेली, एक पायात, असा तो दाराशीच खाली बसला. वही मिटून मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली.

"उद्या म्हणते मी काकूंना," ती म्हणाली. "तू पण ये."