कॅडिलॅकचं शेवटचं लग्न

"मले बाकी काही दाखवू नको," दादाराव बशीतला पोह्यांचा शेवटचा दाणा टिपत म्हणाले. "ती पवनचक्की नको, ते चीज नको. त्या गाडीत एक डाव बसव, की मी आर्वीले वापस जायले मोकळा."

लोकेशनं चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता, पण तोंड कपाआड असलं की बोलावं लागत नाही.

"बघतो ना बाबा. हार्मला विचारावं लागेल."

"मालक हाय तो, कलेक्टर नाही. विचार."

राखी नवऱ्याकडे बघत होती. ती विद्यापीठात संशोधन करायची. तिच्याच शिष्यवृत्तीचं बोट धरून लोकेश नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आला होता. वर्ध्याच्या बँकेतली नोकरी सोडली आणि इथं येऊन त्यानं भाषेचे वर्ग केले, पार्सलं वाटली. शेवटी हार्मनं त्याला गाडीवर घेतलं. हार्मकडे जुन्या अमेरिकन गाड्या होत्या. त्यांतली सगळ्यात लांब, सगळ्यात काळी, साठच्या दशकातली कॅडिलॅक लोकेशच्या हाती आली.

पहिल्याच आठवड्यात त्यानं तिचा फोटो आर्वीला पाठवला होता. समोरून काढलेला. चकचकीत जाळी, जोडीनं बसवलेले दिवे आणि मधोमध मुकुट आणि ढालीचं चिन्ह. 'लग्नात वापरतात' असं खाली लिहिलं होतं. दादारावांनी तो फोटो विहाराच्या ग्रुपवर टाकला, पोस्टातल्या जुन्या सोबत्यांना दाखवला आणि भाजीवाल्यालाही सोडलं नाही. 'पोरगं कॅडिलॅक चालवते.' आर्वीत कॅडिलॅक कोणी पाहिली नव्हती, पण नाव असं होतं की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायची.

लोकेशनं मागून फोटो कधी काढलाच नाही. मागच्या भागात बसायला जागाच नव्हती. तिथं लाकडी फळी, फळीवर शवपेटी सरकवायचे रूळ आणि दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे पडदे होते. गाडी नवरा-नवरीची नव्हती, मयताची होती.

दादाराव अंघोळीला गेले तशी राखी हळूच म्हणाली, "आजच सांगून टाक. मागचे पडदे बघितल्यावर काय सांगशील, जेवणाचे डबे नेतात म्हणून?"

"तुला माहितीये मी का सांगत नाही."

तिला माहीत होतं. लोकेशच्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. सभेत भाषण ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी पाटलाच्या दारातला बैल ओढायला नाही म्हणाले. गावानं दुकान बंद केलं, दळण बंद केलं, पाण्याची वाट बंद केली. म्हातारा हटला नाही. दर जयंतीला दादाराव ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी लोकेशकडे हात करून म्हणायचे, "त्या माणसाचा हा नातू. एम.कॉम." आता त्याच माणसाच्या नातवानं सातासमुद्रापार येऊन मेलेली माणसं वाहायचं काम धरलंय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? लोकेशला कामाची लाज नव्हती. काम त्याला आवडायचं. पण बापानं विचारलं की तो विषय बदलायचा.

आणि आता सगळंच संपत आलं होतं. नव्या नियमांमुळे जुन्या गाड्यांना शहराच्या मधल्या भागात येणं अवघड होत चाललं होतं आणि गिऱ्हाईकांनाही आता आवाज न करणारी विजेची गाडी हवी असायची. कुणी कुणी तर तीनचाकी सायकलवरून पेटी न्यायला सांगत. हार्मनं कॅडिलॅक बेल्जियममधल्या एका हौशी माणसाला विकली होती. शनिवारी तिचं शेवटचं काम आणि सोमवारी ती जाणार.

अंघोळीहून आलेले दादाराव केस पुसत पुसत सोफ्यावर बसले आणि त्यांनी राखीपुढं पुन्हा कॅडिलॅकपुराण सुरू केलं. यूट्यूबवर त्यांनी त्या गाडीची कुंडलीच काढली होती.

"ज्या फ्रेंच माणसानं डेट्रॉइट गाव वसवलं ना, त्याचं नाव दिलं. एकदा तीन गाड्या इंग्लंडात नेल्या, पार खोलल्या, नटबोल्ट एकमेकात मिसळले अन् पुन्हा जोडल्या. तिन्ही चालल्या! तवा लोकायनं मानलं. अन् मोटर सुरू कराले पुढं उभं राहून हँडल माराले लागे ना? ती कटकट याईनंच बंद केली. बटन दाबलं, सुरू."

"हो बाबा, सांगितलं होतं तुम्ही," राखी हसत म्हणाली.

"पण खरी गोष्ट वेगळीच हाय. काळ्या लोकायले गाडी विकाचीच नाही, असा रिवाज होता. मोठमोठे बॉक्सर, गाणारे, डॉक्टर, पैसा हाय, पण शोरूमात पाय ठेवता येत नाही. मंग ते गोऱ्या माणसाले वरचे पैसे देत अन् त्याच्या नावानं गाडी घेत. मंदी आली, कंपनी बुडाले लागली. तवा एक साहेब म्हणला, अरे, हे लोक चोरून घेतेतच, तर उजागरीनं विका ना. विकल्या. अन् कंपनी वाचली, असं म्हणतात." दादारावांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "ज्याले दारात उभं केलं नाही, त्यानंच घर सावरलं. म्हणून मले त्या गाडीत बसाचं हाय. पुढं ते पंखावाले मॉडेल आले, सिनेमावाले घेत. मंग पेट्रोल महागलं, जर्मन गाड्या आल्या, अन् हिचे दिवस फिरले. माणसाचे फिरतात, तर गाडीचे काऊन नाही फिरणार?"

लोकेश जोडे घालत होता. बापाचा उत्साह बघून त्याला भरून आलं आणि त्याच भरात तो बोलून गेला, "शनिवारी शेवटचं लग्न आहे तिचं. इथंच, मागच्या चर्चमध्ये. ते झालं की बघू."

'मागच्या चर्चमध्ये' हे शब्द त्यानं का जोडले, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

*

शनिवारी सकाळी लोकेश काळा कोट, पांढरे हातमोजे आणि उंच काळी टोपी पिशवीत घालून लवकर निघून गेला. दादारावांनी खिडकीतून त्याची सायकल वळताना पाहिली आणि कपाट उघडलं. नातलगांच्या लग्नाला घालतात तो शुभ्र कुडता-पायजमा त्यांनी काढला. आपल्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यात असतात, वऱ्हाडीही पांढऱ्यात शोभतात, तेव्हा कपड्याचा प्रश्नच नव्हता. आमंत्रण नव्हतं, पण मांडव जवळ असला तर चार फुलं टाकायला आमंत्रण कशाला लागतं? फक्त रिकाम्या हाती जाऊ नये. बाजारातून त्यांनी पांढऱ्या ट्यूलिपची मोठी जुडी घेतली, जाकिटाची चेन मुद्दाम उघडी ठेवली आणि चर्चच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

आत जाणारी सगळी माणसं काळ्या कपड्यांत होती. दादारावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. गोऱ्यांच्या लग्नात काळा सूट घालतातच. माणसं फार हसत नव्हती, पण या देशात माणसं तशीही बेतानंच हसतात.

दादाराव फाटकाशीच थांबले. तासाभरानं बाजूच्या गल्लीतून गाडी आली. आली म्हणजे येतच राहिली, एवढी लांब. दादारावांचा ऊर भरून आला. स्टिअरिंगमागे लोकेश होता, टोपीत. त्यांनी हात वर केला. पण गाडी वळली, मागचा भाग दिसला, पडदे दिसले. चर्चचं दार उघडलं आणि सहा माणसं पेटी घेऊन बाहेर आली.

वर केलेला हात दादारावांनी खाली घेतला.

लोकेशनं त्यांना पाहिलं ते मागचं दार उघडताना. काळ्या कपड्यांच्या गर्दीत एकच माणूस पांढराशुभ्र, हातात फुलं. हातातलं दार सोडून तिथून निघून जावं असं त्याला क्षणभर खरोखर वाटलं. पण पेटी दारापर्यंत आली होती आणि पेटीला थांबवता येत नाही.

एक म्हातारी बाई, मयताची बायको असावी, दादारावांपाशी आली. तिनं त्यांचे पांढरे कपडे पाहिले, फुलं पाहिली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"फ्रॉम इंडिया?" ती इंग्रजीत म्हणाली. "फॉर माय खेरिट?"

"येस," खेरिट म्हणजे पेटीतला माणूस हे ताडून दादाराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बाईनं त्यांना हाताला धरून पुढं आणलं. त्यांनी जुडीतली अर्धी फुलं काढून पेटीवर ठेवली, हात जोडले आणि ओठातल्या ओठात त्रिशरण म्हटलं. लोकेशपासून ते हातभर अंतरावर होते. त्यांनी लोकेशकडे पाहिलं नाही.

पेटी रुळांवरून आत सरकली. लोकेशनं दार लावलं. आता उरला होता नमस्कार. हार्मच्या गाड्यांचा तो रिवाजच होता: ड्रायव्हरनं दोन पावलं मागं जायचं, टोपी काढून छातीशी धरायची आणि मयतापुढं कमरेतून वाकायचं. नुसती मान हलवून भागायचं नाही. लोकेशला हे कधी जड गेलं नव्हतं. आज बापाच्या नजरेसमोर त्याची पाठ लाकडासारखी झाली. तरी तो वाकला. रोज वाकायचा त्याहून थोडा जास्तच वाकला आणि सगळे थांबले होते तोवर तसाच राहिला.

मग तो स्टिअरिंगमागे बसला. रस्त्यावर सायकलवाले पाय टेकून उभे राहिले होते. दफनभूमीच्या वाटेनं जाताना आरशात फाटकाजवळचा पांढरा ठिपका लहान लहान होत गेला.

*

काम आटपून गाडी गॅरेजवर आणली, तर दादाराव बाकावर बसले होते. राखीनं त्यांना बसनं आणून सोडलं होतं आणि ती बाहेर उभी होती. हार्मनं त्यांच्या हातात कॉफीचा मग दिला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. लोकेशला पाहून हार्म आतल्या खोलीत निघून गेला.

"तर हे लग्न," दादाराव म्हणाले.

"बाबा, मी सांगणार होतो."

"कवा? मी मेल्यावर?"

हातमोजे काढून लोकेश ते नुसते पिळत राहिला.

"आजोबांनी ढोरं ओढायचं सोडलं, आणि मी..."

"तुह्या आज्याचं तू मले सांगू नको." दादारावांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "त्यानं ढोर घाण होतं म्हणून नाही सोडलं. नाही म्हणाची सोय नव्हती म्हणून सोडलं. तुले कोणी काठी दाखवून इथं आणलं का?"

"नाही."

"काम सोडतो म्हणलं, तर पाणी तोडते का तुहा मालक?"

"नाही बाबा. तो म्हणेल, कॉफी पी आणि मग जा."

"मंग कायची तुलना करतो? एम.कॉम. केलं अन् एवढं समजलं नाही." त्यांनी कॉफीचा मग खाली ठेवला. "राग, तू खोटं बोलला त्याचा हाय. तो राहीन काही दिवस."

लोकेश त्यांच्याजवळ बसला.

"तुह्या आईले नेलं ना," दादाराव म्हणाले, "तवा नगरपालिकेची गाडी आली होती. ड्रायव्हर फोनवर बोलत होता. मी म्हणलं, बापा, फोन ठेव. त्यानं मले हातानं खूण केली, थांब म्हणून. सुमती खाली अन् तो बोलतच होता. उतरला नाही, पाह्यलं नाही. तुले हे सांगतलं नव्हतं मी. मीही लपवलंच म्हण."

आई गेली तेव्हा लोकेशला विमान मिळालं नव्हतं. आईचं जाणं त्यानं चुलतभावाच्या हलत्या मोबाइलमधून पाहिलं होतं. फोनवर बोलणारा ड्रायव्हर त्या चौकटीत आला नव्हता.

"आज तू वाकला त्या परक्या माणसापुढं," दादाराव म्हणाले. "मले लय बरं वाटलं, लोकेश. अन् लय वाईट वाटलं. वाटलं, हे पोरगं तवा तिथं पाह्यजे होतं."

लोकेश मान खाली घालून रडला आणि दादारावांनी त्याला रडू दिलं.

थोड्या वेळानं दादाराव उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. समोरच्या मुकुटावरून बोट फिरवलं, बोट उलटं करून धूळ आहे का ते पाहिलं. धूळ नव्हती. मग मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"हे उघड."

लोकेशनं उघडलं. दादारावांनी उरलेली ट्यूलिपं रुळांच्या मधोमध, फळीवर आडवी ठेवली. एक देठ वाकडा झाला होता, तो सरळ केला.

"सुमतीची," एवढंच म्हणून ते पुढं गेले आणि दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले.

लोकेशनं मागचं दार हळू लावलं. काढलेले हातमोजे त्यानं पुन्हा चढवले, कोटाची बटणं लावली. दोन पावलं मागं सरला, टोपी काढून छातीशी धरली आणि वाकला.

आत दादाराव ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मागं वळून न बघता. त्यांना घाई नव्हती.